रोद्रिगो दियाज ऊर्फ सिद : जमीन, घर आणि कुटुंब

३.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण वीरकाव्य आणि चरित्र यांतील फरकाची तात्त्विक चर्चा केली. प्रस्तुत घटकात तो फरक एका व्यक्तीच्या आयुष्याच्या आधारे पाहावयाचा आहे. ही व्यक्ती म्हणजे अकराव्या शतकातील कास्तीलचा सरदार रोद्रिगो दियाज. स्पेनच्या जनमानसात तो सिद या नावाने अजरामर झाला. त्याच्यावरील वीरकाव्य इ. स. १२०० च्या सुमारास रचले गेले. त्यात साडेतीन हजारांहून अधिक ओळी आहेत आणि आज जो माणूस लोकांना ठाऊक आहे तो मुख्यतः त्या काव्यातला आहे. परंतु त्याच माणसाची काही दानपत्रे, सनदा आणि एक विवाहपत्रही शिल्लक आहे. लढाया बाजूला ठेवून या कागदांकडे पाहिले की एक वेगळाच प्रश्न पुढे येतो. या माणसाने जे मिळवले त्यातले त्याच्या घरात किती राहिले, आणि कोणाच्या हाती राहिले?

आरंभी नावाविषयी थोडेसे. सिद हा शब्द अरबीतील सय्यद, बोलीतील सीदी, म्हणजे धनी किंवा मालक, यापासून आला. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या नावाची व्युत्पत्तीही बहुतेक अभ्यासक याच अरबी शब्दाकडे नेतात. एकच शब्द पश्चिमेकडे प्रवास करून एका ख्रिस्ती सरदाराचे बिरुद बनला आणि पूर्वेकडे कोकणच्या किनाऱ्यावर एका राजघराण्याचे नाव झाला. शब्द धर्म विचारून प्रवास करीत नाहीत हे भाषेच्या अभ्यासकाला नवीन नाही. तरीही संपर्कसत्रात हे उदाहरण सांगितले की विद्यार्थी दरवेळी चकित होतात, असा माझा अनुभव आहे.

३.२ बिबारचे घर

बुर्गोस शहराच्या उत्तरेला काही मैलांवर उबिएर्ना नदीच्या खोऱ्यात बिबार नावाचे लहान गाव आहे. रोद्रिगोचा जन्म १०४३ ते १०४८ या काळात तेथे झाला, असे परंपरा मानते. वडील दिएगो लाइनेज हे नाव्हार्राच्या सीमेवर लढणारे सरदार होते. उबिएर्ना, उर्बेल आणि ला पिएद्रा ही ठाणी त्यांनी नाव्हार्राकडून परत जिंकून घेतली. आईचे घराणे त्याहून वरचढ होते. मातामह रोद्रिगो आल्वारेज यांच्याकडे अनेक ठाण्यांचा कारभार होता आणि नातवाला नावही त्यांचेच मिळाले.

वीरकाव्यात सिदचा एक प्रतिस्पर्धी भर दरबारात त्याला टोमणा मारतो. उबिएर्नाच्या काठी जाऊन आपल्या गिरण्यांच्या जात्यांना टाकी लावून घ्यावी आणि दळणाच्या मोबदल्याचे धान्य गोळा करावे, हेच याला शोभते, असा त्या टोमण्याचा आशय आहे. त्यातून सिद हा कोणी गरीब, स्वतःच्या मनगटावर वर आलेला माणूस होता असा समज रूढ झाला. तो खरा नाही. तो पहिल्या फळीच्या उमरावांतला नव्हता हे मान्य, पण आईवडिलांकडून मिळालेली त्याची जमीन बऱ्याच गावांत पसरलेली होती. वडील वारल्यानंतर तो राजपुत्र सांचोच्या घरी वाढला, तेथेच शस्त्रविद्या शिकला आणि १०६५ मध्ये सांचो कास्तीलचा राजा झाल्यावर त्याच्या निकटच्या योद्ध्यांपैकी एक बनला.

१०७२ मध्ये सामोरा शहराच्या वेढ्यात सांचोचा खून झाला. त्याचा धाकटा भाऊ, लेओनचा आल्फोन्सो, आता दोन्ही राज्यांचा स्वामी झाला. काल ज्याच्याविरुद्ध तलवार उचलली त्याच्याच दरबारात आज उभे राहावयाचे, अशी रोद्रिगोची अवस्था झाली. त्याने नव्या राजाला भावाच्या खुनात हात नसल्याची शपथ भर चर्चमध्ये घ्यावयास लावली, ही कथा प्रसिद्ध आहे, पण ती नंतरच्या काळातील रचना आहे. प्रत्यक्षात राजाने त्याला जवळ केले, आणि जवळ करण्याचा मध्ययुगातील सर्वांत भरवशाचा मार्ग वापरला. त्याचे लग्न आपल्या नात्यातील मुलीशी लावून दिले.

३.३ विवाहपत्र

वधू हिमेना दियाज ही अस्तुरियासच्या काउंट दिएगोची कन्या. जुन्या स्पॅनिश उच्चाराप्रमाणे तिचे नाव शिमेना असे म्हटले जाई. या घटकात आपण आजचा उच्चार वापरू. या विवाहाच्या वेळचे मालमत्तापत्र बुर्गोसच्या कॅथीड्रलमध्ये आजही जतन केलेले आहे. भाषा लॅटिन, लिपी व्हिसिगॉथिक. त्यावरील वर्ष एरा १११२ असे वाचले जाते. आपल्याकडे शालिवाहन शकात ७८ मिळवून इसवी सन काढतात. स्पेनमधील एरा या कालगणनेत मात्र ३८ वजा करावे लागतात. म्हणजे वर्ष १०७४, आणि दिवस १९ जुलै. काही अभ्यासक हे पत्र चार-पाच वर्षे पुढे नेतात, तथापि १०७४ हेच वर्ष सामान्यतः स्वीकारले जाते.

हे पत्र बारकाईने समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढच्या साऱ्या आयुष्याची बीजे त्यात आहेत.

पहिली गोष्ट अशी की देणारा वर आहे आणि घेणारी वधू. या देण्याला आर्रास म्हणत. हुंड्याच्या नेमका उलटा हा व्यवहार आहे. तुलनाच करावयाची तर ती स्त्रीधनाशी किंवा मुस्लिम विवाहातील मेहरशी करता येईल. मात्र ही तुलना केवळ समजुतीसाठी आहे, ऐतिहासिक संबंध सुचवण्यासाठी नाही. जुन्या व्हिसिगॉथ कायद्याने अशा देण्याला वराच्या मालमत्तेच्या दशांशाची मर्यादा घातली होती. रोद्रिगो कास्तीलचा असूनही त्याने वधूच्या प्रांताचा, लेओनचा, रिवाज पत्करला आणि त्यानुसार आपली अर्धी मालमत्ता हिमेनाच्या नावे केली. सासर मोठे असले की जावयाला हात सैल सोडावा लागतो, असे कोणी म्हणेल. पण त्यामुळे एका स्त्रीच्या हाती तिच्या स्वतःच्या अधिकाराची जमीन आली, हे त्याहून महत्त्वाचे.

दुसरी गोष्ट म्हणजे मालमत्तेचे स्वरूप. पत्रात तीसहून अधिक गावांचा उल्लेख येतो. परंतु यांतील फारच थोडी गावे सबंध त्याच्या मालकीची होती. बाकी ठिकाणी त्याचा वाटा होता. मराठी दप्तरांत वतनाच्या तक्षिमा आपण वाचतो, तसाच हा प्रकार. एका गावात काही शेते, दुसऱ्या गावात द्राक्षमळा, तिसऱ्यात घर आणि कुरण, असे तुकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांतून झालेले असत. त्यातही आल्वार फान्येज आणि आल्वार आल्वारेज या दोन आप्तांची मालमत्ता स्वतंत्र ठेवल्याचे पत्रात नमूद आहे. या आप्तांना पत्रात सोब्रिनो म्हटले आहे. पुतण्या आणि भाचा या दोन्ही नात्यांना स्पॅनिशमध्ये हा एकच शब्द आहे. मराठी अनुवादकाला मात्र एक बाजू निवडावीच लागते, आणि बाजू निवडली की नसलेली माहिती वाक्यात शिरते. म्हणून येथे मी आप्त हा शब्द वापरला आहे.

तिसरी गोष्ट परस्पर दत्तकविधानाची. पतिपत्नींनी एकमेकांना वारस म्हणून दत्तक घेतले होते. जो मागे राहील त्याला दुसऱ्याचे सर्व मिळावे. हिमेना विधवा म्हणून राहिली तर सारे तिचे. तिने पुन्हा विवाह केला तर दत्तकविधानाने आलेला भाग मुलांकडे जावा, पण आर्रास मात्र तिच्याचकडे राहावा, अशी तरतूद होती. तिशीच्या आसपासच्या, लढाई हाच व्यवसाय असलेल्या माणसाने लग्नाच्या दिवशी आपल्या मृत्यूचा विचार करून ठेवला होता, हे येथे लक्षात घ्यावे.

शेवटची गोष्ट जामीनदारांची. या पत्राला दोन काउंट जामीन राहिले. एक पेद्रो आन्सुरेज, दुसरा गार्सिया ओर्दोन्येज. राजा आणि त्याच्या दोन बहिणी, उर्राका व एल्विरा, यांनी ते कायम केले. यांतील गार्सिया ओर्दोन्येज हे नाव लक्षात ठेवावे.

३.४ वतन आणि सरंजाम

लग्नानंतरची पाच-सहा वर्षे स्थिरतेची गेली. १०७५ मध्ये राजाने बिबार आणि इतर ठिकाणच्या त्याच्या जमिनींना करांतून व राजाच्या अधिकाऱ्यांच्या हस्तक्षेपातून मोकळीक देणारी सनद दिली. त्याच वर्षी अस्तुरियासमध्ये त्याने न्यायनिवाड्याचे काम केले. १०७६ मध्ये पतिपत्नींनी मिळून सिलोस येथील मठाला आपल्या वाट्याची जमीन दान केली. दानपत्रात दोघांचीही नावे आहेत. याच काळात किंवा थोडे पुढे क्रिस्तिना, दिएगो आणि मारिया ही तीन मुले झाली. घरदार, मठाला दान, गावकीचे निवाडे, राजाची मर्जी: एखाद्या सुखवस्तू कास्तीलियन सरदाराचे आयुष्य असेच संपले असते आणि आपण त्याचे नावही ऐकले नसते.

१०७९ मध्ये राजाने त्याला सेविल्याच्या मुस्लिम राजाकडे खंडणी आणण्यासाठी पाठवले. त्याच वेळी ग्रानादाच्या सैन्याबरोबर काही कास्तीलियन सरदार सेविल्यावर चालून आले. काब्राजवळ रोद्रिगोने त्यांचा पराभव केला आणि पुढाऱ्याला कैद केले. तो पुढारी गार्सिया ओर्दोन्येज, म्हणजे त्याच्याच विवाहपत्राचा जामीनदार होता. हा अपमान गार्सिया विसरला नाही. दोन वर्षांनी, १०८१ मध्ये, रोद्रिगोने राजाला न विचारता तोलेदोच्या राज्यात लूट केली, तेव्हा दरबारातील विरोधकांना आयते निमित्त मिळाले आणि त्याला हद्दपार करण्यात आले.

या पहिल्या हद्दपारीत त्याची जमीन जप्त झाल्याचा उल्लेख त्याच्या लॅटिन चरित्रात येत नाही. काव्यात मात्र रिकामी घरे, उघडी दारे आणि कार्देन्याच्या मठात पत्नी व लहान मुलींचा निरोप असे हृदयस्पर्शी चित्र आहे. निर्वाहासाठी त्याने सारागोसाच्या मुस्लिम राजाची चाकरी पत्करली आणि पाच वर्षे त्याच्या वतीने ख्रिस्ती व मुस्लिम अशा दोन्ही शत्रूंशी तो लढला. १०८२ मध्ये आल्मेनार येथे त्याने बार्सेलोनाच्या काउंटला पकडले. पुढे याच घराण्यात त्याची मुलगी नांदावयास गेली.

१०८६ मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या आल्मोराव्हिद सैन्याने साग्राखास येथे आल्फोन्सोचा दारुण पराभव केला. राजाला आता प्रत्येक तलवारीची गरज होती. रोद्रिगोला परत बोलावून त्याने दुएन्यास, गोर्मास, लांगा, ब्रिबिएस्का आदी सात ठिकाणची ठाणी व प्रदेश त्याच्याकडे सोपवले. शिवाय मुस्लिम मुलुखातून जी भूमी तो जिंकेल ती त्याची व त्याच्या वंशजांची कायमची मालमत्ता होईल, असे लेखी वचन दिल्याचे लॅटिन चरित्रकार सांगतो.

येथे मराठी वाचकाला एक सोय आहे. वतन आणि सरंजाम हा भेद आपल्या भाषेत पूर्वीपासून आहे. वतन वंशपरंपरेचे, सरंजाम चाकरीसाठी दिलेला, राजाच्या मर्जीने येणारा आणि जाणारा. बिबारची जमीन हे रोद्रिगोचे वतन होते. सात ठाणी हा सरंजाम होता. आणि अद्याप न जिंकलेल्या मुलुखाविषयी त्याला मिळालेले वचन हे वतनाचे होते. इंग्रजी ग्रंथ वाचताना हा भेद विद्यार्थ्यांच्या हातून निसटतो. मराठी शब्द मनात ठेवून वाचले तर तो आपोआप स्पष्ट होतो.

हे सारे दोन-तीन वर्षेच टिकले. आलेदोच्या किल्ल्याला मदत करण्यासाठी निघालेल्या राजाच्या सैन्याला रोद्रिगो ठरल्या जागी भेटला नाही. चूक कोणाची यावर आजही वाद आहे. राजाने मात्र तो द्रोह मानला. १०८९ च्या सुमारास सरंजाम गेला, वतनही गेले, घरे, सोने, चांदी जप्त झाली, आणि हिमेना व मुले कैदेत पडली. विवाहपत्रातील अर्ध्या वाट्याच्या मालकिणीला राजाच्या क्रोधापुढे त्या पत्राचा काही उपयोग झाला नाही. ज्या राजाने ते पत्र कायम केले होते, त्यानेच तिला कैदेत टाकले.

रोद्रिगोने एक स्वार पाठवून द्वंद्वाने निरपराधित्व सिद्ध करण्याची तयारी दर्शवली. मग शपथेचे चार वेगवेगळे मसुदे लिहून पाठवले, राजाला त्यांतील जो हवा तो त्याने निवडावा. राजाने एकही स्वीकारला नाही. पण पत्नी आणि मुलांना त्याच्याकडे जाण्याची परवानगी दिली. चरित्रकार या प्रसंगी शपथांचे मसुदे विस्ताराने देतो आणि कुटुंबाच्या सुटकेला एका वाक्यात आटोपतो. चरित्र वाचताना लेखक कोठे रेंगाळतो आणि कोठे घाई करतो हेही पाहावे, असे मी नेहमी सुचवतो.

३.५ वालेन्सिया

आता त्याच्यापाशी कास्तीलमध्ये काहीही उरले नव्हते. यानंतरचा रोद्रिगो हा कोणाचाही चाकर नाही. पूर्व किनाऱ्यावरील लहान मुस्लिम राज्यांकडून तो संरक्षणाच्या मोबदल्यात वार्षिक रकमा वसूल करू लागला. आल्बार्रासिन आणि आल्पुएन्ते यांनी प्रत्येकी १०,००० दिनार द्यावेत असे ठरल्याची नोंद आहे. उबिएर्नाकाठच्या गिरण्यांचे धान्य कोठे आणि हे सोने कोठे! १०९२ मध्ये त्याने ला रिओखा प्रांतात शिरून गार्सिया ओर्दोन्येजच्या मुलुखाची नासधूस केली. जुना हिशेब त्याने विसरला नव्हता.

त्याच वर्षी वालेन्सियाचा राजा अल्-कादिर मारला गेला आणि नगराचा काझी इब्न जह्हाफ सत्ताधारी बनला. रोद्रिगोने दीर्घ वेढा घातला. उपासमारीने खंगलेले शहर जून १०९४ मध्ये शरण आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुआर्ते येथे त्याने आल्मोराव्हिदांचे मोठे सैन्य उधळून लावले आणि ताबा पक्का केला. पुढे मृत राजाचा खजिना दडवल्याच्या आरोपावरून काझीला त्याने जिवंत जाळले. अरबी लेखकांनी हा प्रसंग तपशिलाने नोंदला आहे. काझीच्या घरच्या मंडळींनाही आगीत लोटण्याचा त्याचा विचार होता आणि लोकांच्या विनवण्यांमुळे ती वाचली, असे ते लिहितात. काव्यातील उदार, कुटुंबवत्सल सिद वाचून आलेल्या विद्यार्थ्याला येथे धक्का बसतो. तो बसावा. स्वतःचे निरपराधित्व सिद्ध करण्यासाठी चार शपथा लिहिणारा आणि दुसऱ्याच्या कुटुंबाला जाळावयास निघालेला माणूस एकच आहे.

वालेन्सियात हिमेना राजघरातील स्त्रीसारखी राहिली असावी. परंतु १०९७ मध्ये एकुलता मुलगा दिएगो कोन्सुएग्राच्या लढाईत आल्फोन्सोच्या सैन्यात लढताना मारला गेला. राजाशी पुन्हा जुळलेल्या संबंधांची खूण म्हणून बापाने त्याला पाठवले असावे. जिंकलेली भूमी वंशजांची होईल या वचनाला आता पुरुष वारस उरला नाही.

१०९८ मध्ये नगरातील मोठ्या मशिदीचे रूपांतर केलेल्या कॅथीड्रलला रोद्रिगोने जमिनी दान दिल्या. ते दानपत्र आज सालामांकाच्या कॅथीड्रलमध्ये आहे. त्यावरील मान्यतेची ओळ त्याच्या स्वतःच्या हातची मानली जाते आणि त्या ओळीत तो पत्नीचा उल्लेख करतो. तलवारीने वालेन्सिया घेणाऱ्या माणसाचे अक्षर काहीसे अनभ्यस्त आहे, पण तो लिहू शकत होता.

मुलींचे विवाह मात्र उत्तम झाले. क्रिस्तिनाचा विवाह नाव्हार्राच्या राजघराण्यातील रामिरो सांचेज याच्याशी झाला. मारियाचा विवाह बार्सेलोनाचा काउंट रामोन बेरेंगेर तिसरा याच्याशी. काव्याने मुलींना एल्विरा आणि सोल अशी नावे दिली, त्यांना कार्रिओनच्या दुष्ट राजपुत्रांच्या पदरी बांधले आणि त्यांच्यावरील अत्याचाराभोवती अर्धे कथानक उभारले. इतिहासात या लग्नांना आधार नाही. तथापि काव्याने एक गोष्ट अचूक पकडली आहे: या घराण्याची प्रतिष्ठा शेवटी मुलींच्या विवाहांवरच ठरली.

३.६ हिमेना

१० जुलै १०९९ रोजी रोद्रिगोचा वालेन्सियात नैसर्गिक मृत्यू झाला. मृत सिदला घोड्यावर बसवून शत्रूला पळवून लावल्याची कथा कार्देन्याच्या मठात वाढलेली आहे. मृत्यूनंतर प्रत्यक्षात जे घडले ते कमी नाट्यमय, पण अधिक कठीण होते. विवाहपत्रातील तरतुदीप्रमाणे मागे राहिलेली व्यक्ती हिमेना होती, आणि तिच्या वाट्याला आले ते चहूबाजूंनी वेढले जाऊ लागलेले शहर. ते तिने जवळजवळ तीन वर्षे राखले. १९ जुलै १०७४ च्या कागदावर नाव असलेली ती नवरी आता एका राज्याची स्वामिनी होती. ११०१ मध्ये तिने स्वतःच्या नावे वालेन्सियाच्या कॅथीड्रलला दानपत्र करून दिले. एरवी पतीच्या नावामागे येणारे तिचे नाव येथे एकटे येते.

११०२ च्या वसंतात तिच्या विनंतीवरून आल्फोन्सो सैन्यासह आला. शहर राखणे शक्य नाही हे त्याने पाहिले. मे महिन्यात ख्रिस्ती लोक बाहेर पडले आणि निघताना वालेन्सियाला आग लावण्यात आली. रोद्रिगोचा देह त्यांनी बरोबर घेतला आणि कार्देन्याच्या मठात पुरला. वंशपरंपरेच्या त्या वचनातली एक वितभर जमीनही घराण्याकडे राहिली नाही.

राहिले ते दोन धागे. मुलींचा वंश पुढे गेला: क्रिस्तिनाचा मुलगा गार्सिया रामिरेज ११३४ मध्ये नाव्हार्राचा राजा झाला, आणि त्याच्या मुलीमार्फत सिदचे रक्त कास्तीलच्या राजघराण्यातही आले. दुसरा धागा बुर्गोसच्या आसपासच्या जुन्या जमिनींचा. वालेन्सिया सोडल्यानंतर पुढच्याच वर्षी, ११०३ मध्ये, हिमेना पुन्हा एका दस्तऐवजात भेटते. बुर्गोस कॅथीड्रलच्या धर्माधिकाऱ्यांना ती त्या परिसरातील आपली मालमत्ता विकून देते आहे. विकणारी ती स्वतः आहे, आणि विकलेली वस्तू तिची आहे.